नियम आले, पैसा आला, मग एमएमएचं नक्की काय झालं?

तू विचारलंयस की तुमच्या जिममधले सीनियर म्हणतात एमएमएमध्ये (मारणं आणि कुस्ती दोन्ही चालणारा खेळ) जुनी यूएफसीच (या खेळाच्या फाइट भरवणारी अमेरिकन कंपनी) खरी होती, नंतर नियम आणि पैसा आला आणि खेळाची वाट लागली, हे कितपत खरं? आणि खाली जाता जाता विचारलंयस की तुझं वजन ७४ किलो आहे, पहिली अमॅच्युअर फाइट ६५.८ किलोच्या गटात घेऊ का? तुला हे दोन वेगळे प्रश्न वाटत असतील पण ते एकमेकात गुंतलेले आहेत, म्हणून वजनाचं शेवटी सांगतो. मी आधी तालमीतल्या मातीत होतो, मग ज्युदो केलं, आणि गेली पंधरा वर्षं पुण्यात एमएमए शिकवतोय, फाइटच्या वेळी पोरांच्या कॉर्नरला कोच म्हणून बसलोय, लोकल इव्हेंटला जजच्या खुर्चीत पण बसलोय. उत्तर लांबणार आहे, वेळ काढून वाच.

आधी सरळ मत सांगतो. नियमांनी खेळ मेला नाही, नियम आले नसते तर तो १९९८ च्या आसपासच संपला असता. पण प्रत्येक नियमाने एक गोष्ट बदलली, ती म्हणजे कुठल्या प्रकारचा माणूस जिंकू शकतो. आणि पैशाने जे नुकसान केलं ते रूलबुक वाचून कळत नाही, ते वजनकाट्यावर आणि काँट्रॅक्टमध्ये दिसतं. तुझे सीनियर हे दोन्ही एकत्र करतात म्हणून गोंधळ होतो.

पहिली यूएफसी १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरला झाली. आठ जण, एकाच रात्रीत पूर्ण स्पर्धा, वजनगट नाही, निकाल द्यायला जज नाहीत, चावायचं नाही आणि डोळ्यात बोटं घालायची नाहीत एवढंच बंधन. पहिल्याच फाइटमध्ये जेरार्ड गोर्डोने खाली पडलेल्या टेइला टुलीच्या तोंडावर लाथ घातली आणि दात उडाला, आर्ट जिमरसन नावाचा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला, आणि जिंकला तो ८० किलोच्या आसपासचा रॉयस ग्रेसी, बक्षीस ५० हजार डॉलर. हे सगळे सांगतात. पण हे कुणी सांगत नाही की तो इव्हेंट सुद्धा पहिल्या दिवसापासून धंदाच होता. पे-पर-व्ह्यूसाठी, म्हणजे लोकांनी पैसे भरून घरी टीव्हीवर बघायला, बनवलेला शो होता तो, रोरियन ग्रेसीला आपल्या घराण्याचं जिउ-जित्सू जगाला दाखवायचं होतं आणि त्याच्या जोडीला आर्ट डेव्ही होता तो जाहिरात क्षेत्रातला माणूस. "नियम नाहीत" हीच त्यांची जाहिरात होती. तेव्हा पैसा नंतर आला हे म्हणणंच चुकीचं आहे, पैसा होताच, फक्त तो वेगळी गोष्ट विकत होता. आणि त्याची किंमत कोण देत होतं ते बघ, दुसऱ्या यूएफसीत जॉन मॅकार्थी रेफ्री होता पण फाइट थांबवायचा अधिकारच त्याला नव्हता, कॉर्नरने टॉवेल टाकायचा किंवा फायटरने टॅप करायचं, म्हणजे हाताने थोपटून हार मानायची. तिसऱ्या इव्हेंटपासून त्याला तो अधिकार मिळाला. कॉर्नरला बसणारा माणूस म्हणून सांगतो, समोर आपला पोरगा बेशुद्ध होऊन मार खातोय आणि पिंजऱ्यात उभा असलेला माणूस थांबवू शकत नाही, ही कल्पनाच मला सहन होत नाही. या एका बदलाला जो माणूस "खेळ मवाळ झाला" म्हणेल त्याच्याकडे शिकायला जाऊ नको.

आता सगळ्यात मोठा बदल कुठला असं मला विचारशील तर बहुतेक लोक हेडबट (कपाळाने मारणं) बंद झालं वगैरे सांगतील, मी म्हणतो घड्याळ. डिसेंबर १९९४ ला यूएफसी ४ मध्ये रॉयस आणि डॅन सेव्हर्नची फायनल होती, सेव्हर्न रॉयसपेक्षा तीस-पस्तीस किलोने जड पट्टीचा रेसलर, त्याने रॉयसला खाली घेतलं आणि वर बसून राहिला, रॉयस खालून वाट बघत राहिला, बघत राहिला, आणि १५ मिनिटं ४९ सेकंदांनी ट्रँगल, म्हणजे पायांनी गळा आवळणारी पकड, लावून त्याला टॅप करायला लावलं. पण घरी पैसे भरून बघणाऱ्या कितीतरी लोकांना तो शेवट दिसलाच नाही, कारण पे-पर-व्ह्यूचा दोन तासांचा स्लॉट संपला आणि प्रक्षेपण तुटलं. पैसे परत मागायला लोक उठले. पुढच्याच इव्हेंटला, एप्रिल १९९५ ला, वेळमर्यादा आली. रॉयस आणि केन शॅमरॉक ३६ मिनिटं एकमेकांना धरून पडले, जज नव्हतेच, निकाल बरोबरी. त्यानंतर रोरियन आणि रॉयस दोघांनीही यूएफसी सोडली. रॉयस परत यूएफसीत उतरला तो थेट २००६ ला मॅट ह्यूजसमोर, आणि पहिल्याच राउंडमध्ये हरला.

यात मुद्दा काय आहे बघ. ग्रेसींचं जिउ-जित्सू हे वेळेवर उभं होतं. हलका माणूस जड माणसाखाली तग धरतो, त्याला थकवतो, तो चूक करेपर्यंत थांबतो. वेळ काढून घेतली की त्या विद्येचा पायाच गेला, तंत्र तेच राहिलं पण खाली पडून वाट बघणं म्हणजे राउंड हरणं झालं. १९९९ च्या जुलैत यूएफसी २१ पासून पाच-पाच मिनिटांचे राउंड आणि १०-९ ची गुणपद्धत (राउंड जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ) आली, म्हणजे दर पाच मिनिटांनी दोघं परत उभे. आता विचार कर, साडेतीन मिनिटं घाम गाळून तू एखाद्याच्या पाठीवर पोचलास आणि भोंगा वाजला, सगळं शून्य. उभ्याने मारणाऱ्याला हे वरदान आहे आणि खाली काम करणाऱ्याला शिक्षा. हा नियम कुणाच्या जीवाला धोका होता म्हणून सुरू झाला नाही, टीव्हीच्या स्लॉटमुळे सुरू झाला, आणि आज आपण जे काही शिकवतो ते सगळं त्या घड्याळाभोवती फिरतं. माझ्याकडे पोरं पाच मिनिटांच्या राउंडमधले शेवटचे चाळीस सेकंद वेगळे काढून घोटतात, कारण जजच्या डोक्यात तेच राहतात.

आपल्याला हे नवीन नाही खरं तर. मातीतली निकाली कुस्ती आठव. गावच्या यात्रेत जुनी जाणती माणसं नुसत्या नजरेने जोड लावायची, वजनकाटा नव्हता, गुण नव्हते, पाठ लागेपर्यंत कुस्ती, नाहीतर पंच बरोबरीत सोडवणार. त्यात दमाचा पैलवान वेगळा घडायचा, तो पहिली दहा मिनिटं नुसती खडाखडी करून समोरच्याची ताकद खर्च करायचा. मॅट आली, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आल्या, आणि तोच दमाचा पैलवान गुणांवर मागे पडायला लागला, पट काढून (पाय धरून पाडून) दोन गुण घेऊन बाहेरच्या रेषेशी खेळणारा चपळ पोरगा पुढे गेला. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा त्यांना मॅटची सवयच नव्हती, सहावे आले, मग मॅटची तयारी करून १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ घेऊन आले. माणूस तोच, पायाखालची जमीन आणि हातातली वेळ बदलली तर तयारी बदलावी लागते. तालमीतले वस्ताद मॅटला नावं ठेवायचे तेव्हा त्यांचं दुःख खरं होतं, मी ते जवळून बघितलंय, एक संपूर्ण प्रकारचा पैलवान डोळ्यादेखत नाहीसा होत होता. तुझ्या सीनियरांचं दुःख पण त्याच जातीचं असेल तर मला ते समजतं.

मारायच्या तंत्रावरची बंधनं १९९७ मध्ये भराभर आली. फेब्रुवारीत वजनगट, तेही दोनच, जुलैत ग्लोव्ह सक्तीचे आणि खाली पडलेल्याच्या डोक्याला लाथ बंद, ऑक्टोबरला हेडबट, मानेवर आणि डोक्याच्या मागे मारणं, केस ओढणं, बोटं मोडणं हे सगळं बंद. यात ग्लोव्हबद्दल एक गैरसमज आहे तो काढून टाक. तो छोटा चार औंसाचा ग्लोव्ह डोक्याला वाचवत नाही, तो मारणाऱ्याच्या हाताला वाचवतो. उघड्या मुठीने कवटीवर जोरात मारलंस तर आधी तुझीच बोटाची हाडं जातात, म्हणून जुने लोक डोक्यावर जपून मारायचे. ग्लोव्ह आला आणि लोक बिनधास्त डोक्यावर मारायला लागले. दिसायला सभ्य झालं, डोक्याला मार मात्र वाढला असं माझं ठाम मत आहे. हेडबटचं उलटं. मार्क कोलमनसारखा रेसलर गार्डमध्ये (खाली पाठीवर पडलेल्याच्या दोन पायांच्या मधे) घुसून तुझे दोन्ही हात अडकवायचा आणि कपाळाने मारायचा, खालच्या माणसाकडे त्याला उत्तरच नव्हतं. हेडबट गेल्यावर गार्डमध्ये राहणं जरा तरी शक्य झालं.

हे सगळं १९९७ मध्येच का झालं? कारण १९९६ ला सिनेटर जॉन मॅककेनने पन्नासच्या पन्नास राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली की हे बंद करा, ही माणसांच्या कोंबड्यांची झुंज आहे. न्यूयॉर्कने बंदी घातली. वजनगट आणलेला तोच फेब्रुवारीचा इव्हेंट न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्सला होणार होता, तो ऐनवेळी उचलून अलाबामातल्या डोथन नावाच्या गावी न्यावा लागला. मग केबल कंपन्यांनी पे-पर-व्ह्यूवरून यूएफसी काढायला सुरुवात केली आणि कंपनी बुडायला लागली. म्हणजे नियम हा पैसा मिळवायचा मार्ग नव्हता फक्त, तो जगायचा मार्ग होता.

इथे एक चूक सगळेच करतात, की पुढे यूएफसी चालवणाऱ्या डेना व्हाइट आणि फर्टिटा बंधूंनी येऊन नियम केले. त्यांच्या झुफा कंपनीने यूएफसी घेतली जानेवारी २००१ ला, २० लाख डॉलरला. त्याच्या आधीच, नोव्हेंबर २००० ला, जुन्या मालकांच्या काळातच, अटलांटिक सिटीला न्यू जर्सी राज्याच्या सरकारी कमिशनखाली यूएफसी २८ झाली होती, आणि एप्रिल २००१ ला न्यू जर्सीत बैठक होऊन ज्याला आपण युनिफाइड रूल्स म्हणतो ते लिहिले गेले. झुफाने हुशारीने ते पुढे रेटले, नेवाडा राज्याची मान्यता मिळवली, ते श्रेय त्यांचं आहेच. पण रूलबुक लिहिलं सरकारी कमिशनच्या लोकांनी, प्रमोटरने नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, आपल्याकडच्या परिस्थितीकडे येईन तेव्हा याचं महत्त्व कळेल.

त्याच काळात जपानमध्ये प्राइड नावाची एमएमए स्पर्धा चालू होती आणि तिथे नियम वेगळे होते, पहिला राउंड दहा मिनिटांचा, पिंजरा नाही तर दोऱ्यांची रिंग, खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ आणि गुडघा चालायचा पण खाली डोक्यावर कोपर चालायचं नाही, आणि कुणी नुसता वेळ काढत बसला तर यलो कार्ड दाखवून मानधनातले दहा टक्के कापायचे. निकाल राउंडवार नाही, पूर्ण फाइट बघून. माझ्या मते नियम फायटर कसा घडवतात हे बघायचं असेल तर यापेक्षा चांगला अभ्यास नाही. तिथे नोगेरा नावाच्या फायटरचा गार्ड राजा होता, दहा मिनिटं हातात, वरून कोपर येणार नाही, मग त्याने २००२ ला बॉब सॅपसारख्या डोंगराचा मार खाऊन खाऊन शेवटी आर्मबार, म्हणजे कोपर उलटं मोडणारी पकड, लावला. आणि रेसलर पट काढायला आला आणि पट अडला की खाली अडकलेल्या डोक्यावर गुडघे यायचे, म्हणून तिथे पट काढणं जोखमीचं होतं. यूएफसीत तोच रेसलर निर्धास्त पट काढतो, अडला तर गुडघ्यावर बसून राहतो कारण बसलेल्याच्या डोक्यावर गुडघा चालत नाही, आणि मग पिंजऱ्याला दाबून धरतो. पिंजऱ्याची जाळी ही स्वतःच एक हत्यार आहे, पाठ टेकवून उठता येतं, दाबून धरता येतं, दोरीला हे जमत नाही. प्राइडचं पुढे माफियाशी संबंध असल्याच्या बातम्या आल्या, २००६ ला फुजी टीव्हीने प्रक्षेपण बंद केलं, २००७ ला झुफाने विकत घेतलं, संपलं. टीव्ही गेला आणि त्याच्याबरोबर लढायची एक पूर्ण पद्धत गेली. मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याचीच.

युनिफाइड रूल्स पण चुकांशिवाय नव्हते. वरून सरळ खाली येणारं कोपर, बारा वाजल्यावरून सहावर, हे बंद होतं, बाकी सगळी कोपरं चालायची, तिरकं मारलं तर चालेल सरळ मारलं तर नाही. त्या एका नियमापायी २००९ ला जॉन जोन्स मॅट हॅमिलसमोर पूर्ण वरचढ असताना बाद झाला, त्याच्या रेकॉर्डवर ती एकच हार आहे. आणि "खाली पडलेला" म्हणजे कोण, याचा तर खेळच झाला होता. एक हात जमिनीला टेकला की तू पडलेला धरला जायचास, म्हणजे तुझ्या डोक्यावर गुडघा मारता येणार नाही, मग फायटर उभे राहून वाकायचे आणि बोटं टेकवून ठेवायचे. २०१७ पासून दोन्ही हात टेकले पाहिजेत असा बदल आला पण तो काही राज्यांनी घेतला, काहींनी नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बफेलोला मुसासी आणि वाइडमनची फाइट झाली, मुसासीने वाइडमनला उचललं, वाइडमनचे हात जमिनीवरून सुटले, मुसासीने गुडघा घातला, रेफ्रीला वाटलं फाउल, थांबवलं, मग रिप्ले बघून ठरलं की फाउल नव्हता, आणि तोपर्यंत डॉक्टरने वाइडमनला अनफिट केलेलं. कुणालाच समाधान नाही. शेवटी १ नोव्हेंबर २०२४ पासून हे दोन्ही सुटलं, ते कोपर चालू झालं आणि हाताचे पंजे आणि पावलं सोडून शरीराचा दुसरा कुठलाही भाग टेकला तरच पडलेला. हात टेकवून लपायचे दिवस संपले, तू जुने व्हिडिओ बघून ती सवय लावून घेतली असशील तर आजच सोड, लोकल इव्हेंटला कुठले नियम लागू आहेत ते मात्र रूल्स मीटिंगमध्ये हात वर करून विचारायचं.

जजिंगबद्दल थोडं, कारण कुस्तीतून येणारी पोरं इथेच मार खातात. जुन्या काळी पट काढला, वर बसला, राउंड तुझा, असं सर्रास दिलं जायचं. आता निकष स्पष्ट लिहिलेत, आधी बघायचं कुणाच्या मारण्याने किंवा पकडीने समोरच्याचं नुकसान झालं, ते अगदी समान असेल तरच आक्रमकपणा, तेही समान असेल तर पिंजऱ्यावर ताबा कुणाचा. मी जज म्हणून बसलो तेव्हा आपल्याच भागातल्या एका चांगल्या पैलवानाच्या विरोधात कार्ड लिहिलंय, त्याने तीन वेळा सुंदर दुहेरी पट काढला आणि तिन्ही वेळा वर नुसता चिकटून बसला, खालचा पोरगा खालून कोपरं मारत होता, याच्या भुवईतून रक्त येत होतं. त्याच्या वस्तादांना खूप राग आला, मला पण वाईट वाटलं, पण निकाल तोच होता. पट काढणं हे आता दार उघडणं आहे, आत जाऊन काम करावंच लागतं.

आता पैसा. झुफाने पहिली चार वर्षं तीन कोटी डॉलरच्या वर घालवले होते, मग २००५ च्या जानेवारीत द अल्टिमेट फायटर हा रिअॅलिटी शो स्वतःच्या खर्चाने काढला, आणि ९ एप्रिलला फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बॉनरची फाइट फुकट टीव्हीवर लागली आणि सगळं फिरलं. २०१६ मध्ये तीच कंपनी ४०० कोटी डॉलरच्या आसपास विकली गेली, त्याच वर्षी न्यूयॉर्कची बंदी उठून मॅडिसन स्क्वेअर गार्डनला इव्हेंट झाला. मग ईएसपीएन चॅनलचा करार, डब्ल्यूडब्ल्यूईबरोबर एकत्र येऊन टीकेओ नावाची कंपनी, आणि २०२५ ला पॅरामाउंटशी सात वर्षांचा ७७० कोटी डॉलरचा करार, ज्याने अमेरिकेत पे-पर-व्ह्यूच बंद केलं. ज्या पे-पर-व्ह्यूच्या स्लॉटमुळे घड्याळ आलं ते पे-पर-व्ह्यू गेलं, घड्याळ राहिलं.

या पैशाने चांगलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१३ ला यूएफसीत रोंडा राउझी ही महिला फायटर आल्याशिवाय माझ्याकडे आज ज्या मुली शिकतात त्यातल्या अर्ध्या आल्या नसत्या. डोपिंगची टेस्ट आली, मेडिकल आलं. पण फायटरच्या खिशात काय आलं ते बघ. कोर्टात जे कागद उघड झाले त्यातून कळलं की यूएफसीच्या उत्पन्नातले साधारण २० टक्केच फायटरना जातात, एनबीए, एनएफएलमध्ये खेळाडूंना जवळपास निम्मे मिळतात, कारण तिथे खेळाडूंची युनियन आहे. नवीन फायटरला दहा-बारा हजार डॉलर उतरायचे आणि जिंकलास तर तेवढेच अजून, त्यातून कोच, मॅनेजर, कॅम्प, टॅक्स. पूर्वी शॉर्ट्सवर आणि बॅनरवर स्वतःचे स्पॉन्सर लावून पोरं कमवायची, जुलै २०१५ ला रीबॉकचा युनिफॉर्म आला, सगळे स्वतःचे स्पॉन्सर बंद, आणि पाच फाइटच्या आतल्या फायटरला प्रत्येक फाइटमागे २,५०० डॉलर. बॉक्सिंगमध्ये मुहम्मद अलींच्या नावाचा कायदा आहे, प्रमोटरने हिशोब दाखवायचा, बॉक्सरला कायमचं बांधून ठेवायचं नाही, तो एमएमएला लागू नाही. २०१४ ला काही फायटरनी केस केली, आणि दहा वर्षांनी, २०२५ च्या सुरुवातीला, ३७ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड मंजूर झाली. हजारावर फायटर होते त्यात, कितीतरी जणांची हातपाय चालायची वर्षं तोपर्यंत निघून गेली होती.

आणि हा पैसा लढण्यावर पण परिणाम करतो, कुणाच्या लक्षात येत नाही. २०१७ पासून यूएफसीची कंटेंडर सिरीज आहे, एक फाइट करायची, मालकाला आवडली तर काँट्रॅक्ट, मग पोरं शहाणपणाने जिंकण्यापेक्षा अंगावर घेऊन मारामारी करतात, आणि त्याच वयात खाल्लेला मार आयुष्यभर डोक्यात राहतो. यूएफसीच्या स्वतःच्या छोट्या हॉलमध्ये पिंजरा ३० फुटांऐवजी २५ फुटांचा आहे, पळायला जागा कमी, गाठ लवकर पडते. रूलबुकमध्ये एक अक्षर बदललं नाही, तरी बाहेरून फिरून मारणाऱ्यापेक्षा अंगावर जाणाऱ्याला फायदा झाला.

वजनाचं मी शेवटी ठेवलं कारण मला यावर सगळ्यात जास्त बोलायचंय. वजनगट आले ते संरक्षण म्हणून. पण वजन आदल्या दिवशी होतं, आणि २०१६ पासून तर आदल्या दिवशी सकाळीच, म्हणजे परत पाणी भरायला काही तास जास्त. उद्देश चांगला होता पण झालं काय की पोरं अंगातलं पाणी काढून वजन अजून खाली कापायला लागली. यूएफसीत ७७.१ नंतर थेट ८३.९ चा गट, मधे सहा-सात किलोची दरी, २०१७ मध्ये कमिशनच्या संघटनेने मधले नवीन गट मंजूर केले पण यूएफसीने घेतले नाहीत, कारण जास्त गट म्हणजे जास्त चॅम्पियन आणि प्रत्येक बेल्टची किंमत कमी. डिसेंबर २०१५ ला मनिलामध्ये वन चॅम्पियनशिप या एमएमए कंपनीच्या इव्हेंटआधी यांग जियानबिंग हा २१ वर्षांचा चिनी पोरगा वजन कापताना गेला. त्यानंतर वनने पाणी कापून वजन करायला बंदी घातली आणि लघवीची टेस्ट सुरू केली, शरीरात पाणी पुरेसं आहे हे दाखवल्याशिवाय वजन धरत नाहीत. बाकी बहुतेकांनी ते उचललं नाही.

आपल्याकडे तर हे बघायला कोणीच नाही. २०१२ ला मुंबईत अंधेरीला सुपर फाइट लीग सुरू झाली तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाटलं आता झालंच, टीव्हीवर एमएमए आलं. त्यातून पोरं घडली पण, भरत खंडारे तिथूनच पुढे गेला आणि नोव्हेंबर २०१७ ला शांघायला यूएफसीत उतरला, हरला तरी दार उघडलं त्याने. नंतर अंशुल जुबली, पूजा तोमर आले, पूजाने २०२४ ला जिंकून दाखवलं. पण अमेरिकेत रूलबुक लिहिणारं, डॉक्टर आणि जज नेमणारं सरकारी कमिशन असतं, आपल्याकडे तसं काही नाही, जो तिकीट विकतो तोच डॉक्टर आणतो, तोच जज ठरवतो, तोच काटा आणतो. काही प्रमोटर मनापासून नीट करतात. आणि काही कसे करतात ते मी बघितलंय. काही वर्षांपूर्वी माझा एक पोरगा एका इव्हेंटला नऊ किलो कापून गेला, मला दोन किलो लपवून सांगितलं होतं त्याने, हॉटेलच्या बाथरूममध्ये गरम पाण्याखाली बसला आणि तिथेच पडला. आयोजकांकडे अॅम्ब्युलन्स दुसऱ्या दिवसासाठी बोलावलेली, वजनाच्या दिवशी कोणीच नाही. रिक्षात घालून नेलं त्याला. किडनीवर परिणाम झाला होता, बरा झाला, पण परत उतरला नाही. मी त्याचा काटा दर आठवड्याला स्वतः तपासायला हवा होता, ती चूक माझी आहे, आणि तेव्हापासून मी प्रत्येकाचं वजन स्वतः लिहून ठेवतो.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, ६५.८ ला नाही. ७४ वरून आठ किलोच्या वर पहिल्याच अमॅच्युअर फाइटला, ज्याचे पैसे पण मिळणार नाहीत, कुणासाठी कापतोयस? ७०.३ ला खेळ. आठ आठवडे असतील तर तेलकट, गोड आणि रात्री उशिराचं जेवण बंद करून ७२ च्या खाली ये, शेवटचं दीड-एक किलो मीठ आणि जेवण कमी करून होतं, पाणी तोडायचं नाही, सॉना नाही, प्लास्टिकचा सूट घालून पळणं नाही. सही करायच्या आधी आयोजकांना विचार, वजनाच्या वेळी आणि फाइटच्या वेळी डॉक्टर कोण, अॅम्ब्युलन्स दोन्ही दिवस उभी असणार का, कुठले नियम, गुडघा आणि कोपर अमॅच्युअरला आहे का, आणि पुढच्या किती फाइट त्यांच्याकडेच करायचं बंधन आहे का. शेवटच्या प्रश्नाला हो आलं तर कागद मला दाखवल्याशिवाय सही करू नको. आणि उद्यापासून रोज सकाळी उठल्या उठल्या, काही न खाता पिता, वजन करून लिहून ठेव, चौदा दिवसांचे आकडे पाठव, मग पुढचं ठरवू.